पोलिसांविरुद्धची लाचेची तक्रार शासनाने फेटाळली, तर उच्च न्यायालय नेमके काय तपासते?

सोलापूर शहरासाठी पोलीस आयुक्तालय आहे आणि जिल्ह्याच्या उरलेल्या भागासाठी ग्रामीण पोलीस अधीक्षकांचे कार्यालय आहे. या दोन्हींपैकी कोणत्याही यंत्रणेतील माणसाने पैसे मागितले, तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे जावे, १०६४ हा क्रमांक लावावा, एवढे आता बहुतेकांना ठाऊक असते. अडचण त्यानंतर सुरू होते. तक्रार दिली जाते, जबाब होतो, कागद वर जातो आणि काही महिन्यांनी दोन ओळींचे पत्र येते की, आपला अर्ज दप्तरी दाखल करण्यात आला आहे. किंवा पत्रच येत नाही. तपास पूर्ण होऊनही खटला चालवण्याची मंजुरी नाकारली गेल्याचे तक्रारदाराला कधीकधी फार उशिरा कळते. अशा वेळी ‘आता हायकोर्टात जाऊ’ हे वाक्य सहज तोंडी येते. परंतु तेथे गेल्यावर न्यायालय काय तपासते आणि कशाला हात लावत नाही, याविषयी मोठा गैरसमज आहे, आणि त्या गैरसमजापायी चांगली प्रकरणेही हातची जातात, असे माझे स्पष्ट मत आहे.

संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालय शासनाच्या निर्णयाची जी तपासणी करते, तिला न्यायालयीन पुनर्विलोकन म्हणतात. या तपासणीत संबंधित पोलिसाने लाच घेतली की नाही, हे ठरवले जात नाही. ते काम पुरावा नोंदवून, साक्षीदारांची उलटतपासणी होऊन, विशेष न्यायालयात व्हायचे असते. उच्च न्यायालय पाहते ते एवढेच की, तुमच्या तक्रारीवर ज्याने निर्णय घेतला, त्याने तो कायद्याच्या चौकटीत घेतला का. निर्णय घेण्याचा अधिकार त्याला होता का, उपलब्ध पुरावा त्याच्यापुढे खरोखर ठेवला गेला होता का, ज्या गोष्टीचा विषयाशी संबंध नाही अशी गोष्ट त्याने मनात धरली का, ठरलेली कार्यपद्धती पाळली का, आणि निष्कर्ष इतका अतर्क्य आहे का की कोणताही विचारी अधिकारी तेथे पोहोचलाच नसता, या प्रश्नांभोवती सारी सुनावणी फिरते. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये टाटा सेल्युलर प्रकरणात हे सूत्र मांडले. ते प्रकरण निविदांचे होते, परंतु न्यायालय निर्णयाचे अपील ऐकत नाही, निर्णय कसा घेतला गेला ते तपासते, हे त्यातील तत्त्व सर्वच प्रशासकीय निर्णयांना लागू होते.

एक कल्पित उदाहरण घेऊ. अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेल आणि चादरींचा छोटा कारखाना चालवणाऱ्या एका बाईंचा मालाचा टेम्पो वारंवार अडवला जातो आणि तो सोडण्यासाठी एका ठाण्यातील हवालदार दरमहा ठरावीक रक्कम मागतो. बाईंनी तक्रार केल्यावर शासनयंत्रणेला एकामागून एक अनेक निर्णय घ्यावे लागतात, आणि त्यांतील प्रत्येक निर्णय तपासण्याचे निकष थोडे वेगळे असतात. आपण नेमक्या कोणत्या निर्णयाविरुद्ध बोलत आहोत, हे ज्याला सांगता येत नाही त्याची याचिका पहिल्याच तारखेला डळमळते.

पहिला निर्णय गुन्हा नोंदवण्याचा. ललिता कुमारी प्रकरणात १२ नोव्हेंबर २०१३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितले की, माहितीवरून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर तो नोंदवणे बंधनकारक आहे. मात्र भ्रष्टाचाराच्या तक्रारींत आधी प्राथमिक चौकशी करण्याची मुभा त्याच निकालाने दिली. त्यामुळे ‘गुन्हा लगेच का नोंदवला नाही’ एवढ्याच मुद्द्यावर भ्रष्टाचाराच्या प्रकरणात फार काही हाती लागत नाही. प्राथमिक चौकशी महिनोनमहिने का चालली आणि ती बंद करताना तक्रारदाराला कारणे का कळवली नाहीत, हे प्रश्न अधिक टिकतात, कारण चौकशी बंद करायची असेल तर त्याची थोडक्यात कारणे तक्रारदाराला कळवावीत, असेही तो निकाल सांगतो.

दुसरा निर्णय चौकशीच्या पूर्वपरवानगीचा. भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम, १९८८ मध्ये २६ जुलै २०१८ पासून कलम १७-अ आले. लोकसेवकाने अधिकारपदावरून घेतलेल्या निर्णयाशी किंवा केलेल्या शिफारशीशी आरोपित गुन्ह्याचा संबंध असेल, तर चौकशी किंवा तपास सुरू करण्यापूर्वी सक्षम प्राधिकाऱ्याची मान्यता घ्यावी लागते. मान्यतेबाबत तीन महिन्यांत निर्णय व्हायला हवा आणि लेखी कारणे देऊन आणखी एक महिना घेता येतो. या कलमाच्या वैधतेलाही सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, आणि ते स्वाभाविक होते, कारण केंद्रातील वरिष्ठ अधिकाऱ्यांना असेच संरक्षण देणारी दुसऱ्या कायद्यातील एक तरतूद सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०१४ रोजी समानतेच्या तत्त्वाविरुद्ध ठरवून रद्द केली होती.

सामान्य तक्रारदाराच्या दृष्टीने यात महत्त्वाचे काय, तर हे कलम प्रत्येक तक्रारीला लागू नाही. लाच घेताना जागच्या जागी पकडण्याच्या प्रकरणाला, म्हणजे सापळ्याला, ते स्पष्टपणे वगळलेले आहे. टेम्पो सोडण्यासाठी पैसे मागणे हा अधिकारपदावरून घेतलेला ‘निर्णय’ आहे, असे म्हणणे कठीण आहे. याउलट, पैसे घेऊन दोषारोपपत्रातून एखाद्याचे नाव वगळले, असा आरोप तपास अधिकाऱ्यावर असेल, तर तेथे मान्यतेचा प्रश्न खरोखर उभा राहतो. म्हणून ‘१७-अ ची मान्यता आलेली नाही’ असे उत्तर मिळाले, तर आधी हे तपासावे की, ती मान्यता मुळात लागत होती का. जी लागतच नव्हती, तिची वाट पाहत तक्रार बाजूला ठेवणे ही कायद्याची चूक आहे, आणि कायद्याची चूक हा पुनर्विलोकनाचा सर्वांत भक्कम आधार असतो.

सर्वांत अवघड निर्णय खटल्याच्या मंजुरीचा. त्याच कायद्याचे कलम १९ सांगते की, ज्या प्राधिकाऱ्याला त्या लोकसेवकाला पदावरून काढून टाकण्याचा अधिकार आहे, त्याच्या पूर्वमंजुरीशिवाय न्यायालयाने गुन्ह्याची दखल घेऊ नये. हवालदाराच्या बाबतीत हा अधिकार जिल्ह्याच्या किंवा शहराच्या पातळीवरच असू शकतो, तर भारतीय पोलीस सेवेतील अधिकाऱ्याला काढण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे असल्याने तेथे मंजुरीही दिल्लीहून यावी लागते. २०१८ च्या दुरुस्तीनंतर निवृत्त लोकसेवकालाही, पदावर असताना घडलेल्या गुन्ह्याबाबत, हे संरक्षण मिळते. मंजुरीची तरतूद प्रामाणिक अधिकाऱ्याला सुडाच्या तक्रारींपासून वाचवण्यासाठी आहे, आणि ती गरज खरी आहे. ज्याने वाळूच्या किंवा जुगाराच्या धंद्यावर छापा घातला, त्याच्याविरुद्ध दुसऱ्या दिवशी लाचेचा अर्ज येणे ही अशक्य गोष्ट नाही. परंतु संरक्षणासाठी उभारलेली भिंत भ्रष्ट माणसालाही आडोसा देते. ती कोणासाठी वापरली जात आहे, हे पाहण्यासाठी न्यायालयाची नजर आवश्यक ठरते.

येथे एक विषमता लक्षात घ्यावी. मंजुरी दिली गेली आणि आरोपीला ती सदोष वाटली, तर तो मुद्दा त्याला खटल्यातच मांडता येतो; आणि मंजुरीतील त्रुटीमुळे न्यायाची हानी झाल्याचे दिसत नसेल, तर केवळ त्या त्रुटीसाठी वरच्या न्यायालयाने शिक्षा उलटवू नये, असे कलम १९ मध्येच लिहिले आहे. मंजुरी नाकारली गेली, तर मात्र खटलाच उभा राहत नाही. मग तक्रारदाराकडे दुसरे न्यायालय उरत नाही आणि रिट याचिका, म्हणजे अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात केलेला अर्ज, हाच मार्ग राहतो.

या मार्गावर काय मागायचे, हे समजण्यासाठी गुजरातमधील मनसुखलाल विठ्ठलदास चौहान यांचे प्रकरण प्रत्येक तक्रारदाराने जाणून घ्यावे, असे मला वाटते. या सरकारी लेखापालावर लाचेचा आरोप होता आणि मंजुरीचा निर्णय होत नव्हता. तक्रारदार उच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने विभागाच्या सचिवांना एका महिन्यात मंजुरी देण्याचा आदेश दिला. सचिवांनी मंजुरी दिली, खटला चालला, शिक्षाही झाली. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मंजुरी अवैध ठरवली आणि शिक्षा रद्द केली. कारण असे की, मंजुरी द्यावी की देऊ नये, याचा विचार सचिवांनी स्वतंत्रपणे करायचा होता, आणि उच्च न्यायालयाच्या आदेशाने त्यांच्यापुढे एकच पर्याय उरला होता. न मानावे तर न्यायालयाचा अवमान, मानावे तर विवेकाचा त्याग. अशा स्थितीत दिलेली मंजुरी ही त्या अधिकाऱ्याची मंजुरी राहत नाही. तक्रारदाराने जे मागितले तेच त्याला मिळाले, आणि त्यामुळेच सारे प्रकरण कोसळले.

म्हणून याचिकेतील मागणी ‘मंजुरी द्यावी’ अशी ठेवू नये. ‘नकाराचा आदेश रद्द करावा आणि संपूर्ण पुरावा समोर ठेवून ठरावीक मुदतीत, कारणांसह नव्याने निर्णय घ्यावा’ अशी मागणी न्यायालयाला मान्य करता येते आणि ती पुढेही टिकते. काही वाचकांना हे अपुरे वाटेल. नव्याने विचार करूनही शासनाने नकारच दिला तर काय, असा प्रश्न रास्त आहे. पण दुसरा नकार देताना पहिल्या आदेशात न्यायालयाने दाखवलेल्या उणिवा त्या प्राधिकाऱ्यासमोर लेखी असतात, त्या ओलांडून पुन्हा तोच निष्कर्ष लिहायला त्याला प्रत्येक मुद्द्याचे उत्तर द्यावे लागते, आणि ते उत्तर पुन्हा तपासले जाऊ शकते.

नकाराच्या आदेशात कारणे काय लिहिली आहेत, याला म्हणूनच अतोनात महत्त्व आहे. मोहिंदर सिंग गिल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये सांगितले की, वैधानिक आदेशाचा खरेखोटेपणा त्या आदेशात नमूद केलेल्या कारणांवरूनच जोखायचा. नंतर प्रतिज्ञापत्रात नवी कारणे जोडून तो सावरता येत नाही. याचा व्यवहारातील अर्थ असा की, आदेशात केवळ ‘पुरावा अपुरा आहे’ एवढेच लिहिले असेल आणि फाइलमध्ये पंचांसमक्ष झालेली पडताळणी, ध्वनिमुद्रण आणि दोन स्वतंत्र साक्षीदारांचे जबाब असतील, तर त्यांचा विचार झाला नाही हे आदेशावरूनच दाखवता येते. न्यायालय मूळ नस्ती मागवून घेऊ शकते. तपास यंत्रणेने कोणते कागद पाठवले, कोणते पाठवलेच नाहीत, आणि टिपणीवर कोणत्या दिवशी कोणता शेरा पडला, हे तेथे उघड होते.

निर्णयच न घेणे हा प्रकार नकारापेक्षा अधिक सामान्य आहे. १९९७ च्या विनीत नारायण निकालाने मंजुरीच्या निर्णयाला तीन महिन्यांची आणि विधी सल्ल्यासाठी आणखी एका महिन्याची मर्यादा घातली. २०१८ च्या दुरुस्तीने तीच मुदत कायद्यात आणली. ही मुदत बंधनकारक आहे का, हा वाद नंतरही राहिला, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये विजय राजमोहन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती बंधनकारक असल्याचे सांगितले. मात्र मुदत उलटली म्हणून आरोपीविरुद्धची कारवाई रद्द होणार नाही. विलंबाला सक्षम प्राधिकारी उत्तरदायी राहील आणि त्या विलंबाचे न्यायालयीन पुनर्विलोकन होऊ शकेल, अशी त्या निकालाची मांडणी आहे. हा तोल मला योग्य वाटतो. मुदत उलटली की प्रकरणच संपेल, असा अर्थ लावला असता, तर फाइल कपाटात ठेवणे हाच आरोपीला सोडवण्याचा सोपा उपाय ठरला असता.

एकदा दिलेला नकार शासन स्वतःहून बदलू शकते का, हाही प्रश्न येतो. निशांत सरीन प्रकरणात २०१० मध्ये ठरले की, त्याच पुराव्यावर केवळ मत बदलले म्हणून नकाराची मंजुरी करता येत नाही. नवा पुरावा आला असेल तरच फेरविचार होतो. सरकार बदलले, अधिकारी बदलले, एवढे कारण पुरत नाही.

तक्रारदार स्वतः हा खटला उभा करू शकतो का, याचे उत्तर महाराष्ट्रातीलच एका प्रकरणाने दिले. माजी मुख्यमंत्री अब्दुल रहमान अंतुले यांच्या प्रकरणात १९८४ मध्ये घटनापीठाने म्हटले की, भ्रष्टाचाराच्या गुन्ह्याबाबत खासगी नागरिकही थेट विशेष न्यायाधीशांकडे तक्रार करू शकतो, कारण गुन्हा समाजाविरुद्ध असतो. आज मात्र या वाटेवर अडथळे वाढले आहेत. खासगी तक्रारदाराला मंजुरीची विनंती करायची असेल, तर त्याने आधी न्यायालयात तक्रार दाखल केलेली असावी लागते, न्यायालयाने ती फेटाळलेली नसावी लागते आणि मंजुरी आणण्याचे निर्देश दिलेले असावे लागतात. शिवाय मंजुरीपूर्वी त्या लोकसेवकाचे म्हणणे ऐकावे लागते. विशेष न्यायाधीशांना मंजुरीशिवाय तपासाचा आदेश देता येतो का, यावर २०१३ च्या अनिल कुमार निकालाने नकारार्थी उत्तर दिले आणि २०१८ मध्ये तोच प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे सोपवला गेला.

गुन्हाच नोंदवला जात नसेल, तर थेट रिट करू नये. साकिरी वासू प्रकरणात २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, आधी वरिष्ठ पोलीस अधिकारी, मग दंडाधिकारी, असा क्रम पाळावा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये हाच क्रम लिहिलेला आहे. तपास होऊन पोलिसांनी ‘ब समरी’ किंवा ‘क समरी’ मागितली, म्हणजे खटला न भरता प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला, तर न्यायालयाने तो अहवाल स्वीकारण्यापूर्वी मूळ फिर्यादीला नोटीस देऊन त्याचे म्हणणे ऐकायला हवे, हे भगवंत सिंग प्रकरणापासून, म्हणजे १९८५ पासून, ठरलेले आहे. ही नोटीस हातात पडल्यावर गप्प बसणे हे मोठे नुकसान आहे.

पोलिसांबाबत आणखी एक व्यासपीठ आहे आणि ते पुरेसे वापरले जात नाही, याची मला खंत वाटते. २२ सप्टेंबर २००६ च्या प्रकाश सिंग निकालानंतर, २०१४ मध्ये महाराष्ट्र पोलीस अधिनियमात दुरुस्ती होऊन राज्य आणि महसूल विभाग या दोन पातळ्यांवर पोलीस तक्रार प्राधिकरणाची तरतूद झाली. सोलापूर जिल्हा पुणे महसूल विभागात येतो. कोठडीतील मृत्यू, बेकायदा अटक यांच्याबरोबर भ्रष्टाचार आणि खंडणीच्या तक्रारीही या प्राधिकरणाच्या कक्षेत आहेत. त्याचा अहवाल शासनाकडे जातो, आणि शासनाला तो अपवादात्मक परिस्थितीत, कारणे लेखी नोंदवूनच फेटाळता येतो. ती कारणे लिहिली गेली की ती तपासता येतात; न लिहिता अहवाल बाजूला ठेवला, तर तेवढ्यावरही आदेश मागता येतो.

विभागीय चौकशीत मात्र तक्रारदाराचे स्थान दुय्यम असते. शिक्षा किती द्यावी, हा मालक आणि नोकर यांच्यातील प्रश्न मानला जातो, आणि वेतनवाढ रोखली यावर ‘बडतर्फ का केले नाही’ म्हणून केलेली याचिका क्वचितच टिकते. तो पोलीस स्वतः शिक्षेविरुद्ध महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात जाऊ शकतो.

राज्याच्या यंत्रणेवरच विश्वास ठेवता येऊ नये, अशी परिस्थिती असेल, तर उच्च न्यायालय राज्याच्या संमतीशिवायही तपास सीबीआयकडे देऊ शकते. हे २०१० मध्ये पश्चिम बंगालच्या प्रकरणात घटनापीठाने मान्य केले, पण हा अधिकार जपून वापरावा, असेही बजावले. मुंबईच्या माजी पोलीस आयुक्तांनी तत्कालीन गृहमंत्र्यांवर केलेल्या आरोपांची सीबीआयने १५ दिवसांत प्राथमिक चौकशी करावी, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२१ रोजी दिला, तो याच अधिकारातून. एका ठाण्यातील हवालदाराच्या प्रकरणात अशी मागणी करून याचिका जड करू नये.

सोलापूरकरांसाठी अलीकडे एक गोष्ट सुकर झाली आहे. पूर्वी अशा याचिकेसाठी सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून मुंबई गाठावी लागे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर येथील फिरते खंडपीठ सुरू झाले असून सोलापूर, सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे त्याच्या कक्षेत आहेत. हातावर पोट असलेल्या तक्रारदारासाठी तारखेचा खर्च कमी होणे ही लहान बाब नाही, कारण अशी प्रकरणे अनेकदा कायद्याच्या मुद्द्यावर नव्हे, तर थकव्याने संपतात.

पुनर्विलोकनात साक्षीपुरावा नव्याने होत नाही, जे आहे ते कागदावरच असते, म्हणून पहिल्या दिवसापासून कागद सांभाळावेत. अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेसह पोहोच घ्यावी. पैसे नाइलाजाने द्यावे लागले असतील, तर सात दिवसांच्या आत यंत्रणेला कळवावे, कारण २०१८ पासून लाच देणाराही गुन्हेगार ठरतो आणि बळजबरीने द्यावी लागल्याचा बचाव या सात दिवसांच्या अटीला बांधलेला आहे. आपल्या अर्जावर काय निर्णय झाला, कोणी घेतला आणि कधी, ही माहिती माहिती अधिकारात मागावी. त्या कर्मचाऱ्याची पूर्ण सेवापुस्तिका आणि जुन्या शिक्षांचा तपशील मागितला, तर २०१२ च्या गिरीश देशपांडे निकालाचा आधार घेऊन ती वैयक्तिक माहिती म्हणून नाकारली जाण्याची शक्यता असते, म्हणून अर्ज आपल्या तक्रारीपुरता नेमका ठेवावा. नकार मिळाल्यानंतर वर्षानुवर्षे थांबू नये, कारण अकारण विलंब हे एकटेच याचिका फेटाळण्यास पुरेसे ठरू शकते. स्वतःवर त्याच ठाण्यात एखादा गुन्हा नोंद असेल, तर तो लपवू नये, याचिकेत आधीच सांगावा. वकिलाचा खर्च झेपत नसेल, तर जिल्हा न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असणाऱ्यांना १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाखाली मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, आणि उच्च न्यायालयातील याचिकेसाठीही तशी विधी सेवा समिती असते.